सुतळीचं वय

विहिरीच्या तळाशी सापडलं ते असं: बादल्या दोन, त्यांतली एक बुडाशिवाय, स्टीलचे चमचे तीन, काचेच्या गोट्या अकरा, चष्म्याची काडी एक, कपडे वाळत घालायचे चिमटे सतरा, रबरी चप्पल एक, डाव्या पायाची, आणि वाम एक, जिवंत, हातभर लांब, मनगटाएवढी जाड.

चिमट्यांचा आकडा ऐकून मावशी वरून म्हणाली, "तरीच! मी उगाच शेजारणीवर आळ घेत होते."

विहीर उपसायला आलेला पंपवाला गुडघाभर चिखलात उभा होता. पायाला काहीतरी गार आणि गुळगुळीत घासून गेलं, तसा तो शिडीच्या तीन पायऱ्या एका दमात चढला. "बाई, साप आहे खाली!"

"साप तुझ्या घरी असेल. ती सुतळी आहे. तिला धक्का लावलास तर आधी तुला बुजवीन, मग विहीर."

गल्लीतल्या सगळ्या विहिरी बुजवायचा हुकूम आला होता. गटाराचं पाणी त्यांत झिरपत होतं, आणि नळ येऊन कित्येक वर्षं झाल्यामुळे विहिरींवाचून कुणाचं अडत नव्हतं. बाकीच्यांनी कागदावर सह्या करून हात झटकले. मावशीने मात्र महिनाभर पंपवाल्याला दारात उभं केलं नाही. शेवटी तिने भाचीला फोन केला. "तू त्या माशांच्या केंद्रात आहेस ना? मग माझ्या माशाचं काय करायचं ते तूच सांग."

भाची शिडीने खाली उतरली, ओल्या गोणपाटात सुतळीला गुंडाळलं आणि उचललं. त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की जिवंत वाम आपण पहिल्यांदाच हातात धरतोय. खरं तर कुठलाच जिवंत मासा तिने कधी धरला नव्हता. गोणपाटातून तो सगळा स्नायू तिच्या मनगटाभोवती वळत होता, आणि तिला आश्चर्य वाटलं ते त्यातल्या जोराचं.

सुतळीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मावशीच्या मुलाने, म्हणजे दादाने, सोळाव्या वर्षी नदीच्या मुखापाशी बोटभर लांबीचं वामेचं पिल्लू पकडलं. दोऱ्यासारखं बारीक होतं म्हणून नाव सुतळी. विहिरीत वाम असली की किडे-अळ्या खाते, पाणी स्वच्छ राहतं; जुन्या काळी पुष्कळ देशांत लोक त्यासाठी मुद्दाम वाम पाळत. दादाने तिला विहिरीत सोडलं आणि पुढच्याच वर्षी तो जहाजावर कामाला लागला. निघताना मावशी रडत होती. तिला हसवायचं म्हणून तो म्हणाला, "अगं, जहाजावरचे म्हातारे सांगतात, वाम सोडणारा जिवंत असेपर्यंत वाम मरत नाही. माझी आठवण आली की झाकण उघडायचं आणि हिला विचारायचं, आहे का माझा मुलगा?"

थट्टाच होती ती. वर्षभर त्याची खुशाली येत राहिली. मग जहाजाच्या कंपनीने कळवलं की तो एका बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही. त्यापुढे काहीच नाही. सुतळी विहिरीत आली त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. भाचीचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे दादा म्हणजे तिच्यासाठी भिंतीवरच्या फोटोतला, एक कान पुढे आलेला मुलगा, एवढंच. पण मावशी रोज सकाळी विहिरीचा पत्रा सरकवायची, वाकून बघायची, आणि पाण्यात काहीतरी वळवळलं की म्हणायची, "आहे." मग ती दिवसाला सुरुवात करायची. तिच्या मुलीने, ताईने, आपल्याकडे येऊन राहा म्हणून किती वेळा गळ घातली. मावशीचं उत्तर ठरलेलं. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

आता ती गोणपाटाशेजारी बसून सुतळीच्या डोक्यावर ओंजळीने पाणी सोडत होती.

"किती जगतात गं या?"

"आपल्याकडच्या नदीत वीसेक वर्षं. मग समुद्रात जातात, तिथे अंडी घालतात आणि मरतात. भर समुद्रात वामेला अंडी घालताना अजून कुणी पाहिलेलं नाही, मावशी, इतके लोक शोधतायत तरी. पण जिला जाता येत नाही, ती थांबून राहते. अशा कोंडलेल्या वामा पन्नास-पन्नास, ऐंशी-ऐंशी वर्षं जगल्याचं सांगतात."

"ऐंशी? मग ही मलाच पोचवून जाईल." मावशी हसली, मग हसू आवरून म्हणाली, "नीट ठेव हं तिला. अंधार लागतो. आणि वर झाकण. तुझे काका पत्र्यावर दोन विटा ठेवायला सांगायचे."

"पालापाचोळा पडू नये म्हणून ना?"

"काय जाणे. त्यांनी सांगितलं, मी ठेवत गेले."

केंद्रात भाचीचं काम माशांची वयं मोजण्याचं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन पांढरे खडे असतात. तांदळाच्या कणीएवढे, वामेचे तर त्याहून लहान. दर वर्षी त्यांच्यावर एक पुट चढतं, ऊब असताना जाड आणि थंडीत बारीक. खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं दिसतात. वामेच्या बाबतीत मोजायला सुरुवात करायची ती गोड्या पाण्यात शिरल्याच्या खुणेपासून. अडचण एकच, खडा काढायचा तर मासा मेलेला हवा. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या एका शिंपल्याचं वय पाचशेच्या वर निघालं होतं. ते कळलं तेव्हा तो मेलेला होता, कारण संशोधकांनी इतर शिंपल्यांबरोबर त्यालाही बोटीवरच गोठवलं होतं. केंद्रात नवीन येणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी ऐकवत. सगळे हसत आणि कामाला लागत.

भाचीच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सगळे घुबड म्हणत. जाड चष्मा, आणि दिवसभर मान न हलवता सूक्ष्मदर्शकाला लावलेले डोळे. तिचं मोजणं केंद्रात सर्वांत भरवशाचं. टाकीत पाणी भरलं जात असताना ती येऊन उभी राहिली.

"जिवंत आणलीस? इथे?"

"मावशीची आहे."

"आपल्याकडे मासा कानापुरता येतो, बाई. बाकीचा लोक खातात. हिला काय घालणार आहेस, चहा?"

भाचीने चेष्टा मनावर घेतली नाही. तिने सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम केलं होतं. नळाचं पाणी आधीच उघड्यावर ठेवून क्लोरीन उडवून दिलं होतं. पाण्याचं तापमान विहिरीइतकंच, सोळा अंश. तळाशी आडोशाला मातीचा पाइप. टाकीभोवती काळं कापड, वर जाड काचेचं झाकण. हवेची नळी आत जावी म्हणून झाकणाच्या एका कोपऱ्यात अंगठाभर फट ठेवली. सुतळी पाइपात शिरली, नाकाचं टोक तेवढं बाहेर ठेवून स्थिर झाली. भाचीने मावशीला फोन करून सांगितलं, "आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कापड बाजूला केलं तेव्हा पाइप रिकामा होता.

टाकीच्या बाहेरच्या काचेवरून फरशीपर्यंत एक वाळलेला चकचकीत पट्टा उतरला होता. फरशीवरून तो कपाटाखाली गेला होता, कपाटाखालून दरवाज्याकडे, आणि दरवाज्याशेजारी मोरीच्या जाळीपाशी संपला होता. सुतळी तिथे पडली होती. जाळीच्या भोकांत तोंड रुतलेलं, अंगाला धूळ, कातडी कागदासारखी कडक.

भाची तिथेच खाली बसली. वाम ओल्या अंगाने जमिनीवरून सरपटत जाते, कातडीतूनही श्वास घेते, अंगठ्याएवढ्या फटीतून मनगटाएवढं अंग पिळून बाहेर काढते; यातलं तिला काय माहीत नव्हतं? परीक्षेत लिहिलं होतं तिने. पण तिच्यासमोर आलेले सगळे मासे डब्यात, बर्फावर, आपल्या जागी पडून राहणारे. मासा उठून कुठे जाईल हा विचार तिच्या हातांना कधी करावाच लागला नव्हता. पत्र्यावरच्या दोन विटा तिला आत्ता दिसल्या.

धूळ पुसताना तिने आणखी एक गोष्ट पाहिली. सुतळीचे डोळे मोठे झाले होते, डोक्याच्या मानाने जवळजवळ दुप्पट, आणि पोट चंदेरी पडलं होतं. समुद्राला निघायच्या वेळी वामेचं असं होतं.

घुबडाने काही चेष्टा केली नाही. भाचीच्या खांद्यावर हात ठेवून ती एवढंच म्हणाली, "फोनवर नको सांगूस. जा."

मावशी खिडकीशी बसली होती. विहिरीतून निघालेले सतरा चिमटे तिने घासून कट्ट्यावर वाळत ठेवले होते. भाचीचा चेहरा बघितल्याबरोबर तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कधी?"

"काल रात्री. माझ्यामुळे, मावशी. मी झाकणाला फट ठेवली होती."

मावशीने कट्ट्यावरचे चिमटे गोळा केले. मग म्हणाली, "म्हणजे तोही काल गेला."

"तसं नसतं गं! तो मासा होता. दादा थट्टेत बोलला होता, तूच सांगतेस ना? माशाचा आणि माणसाच्या जिवाचा काय संबंध?"

"काही नाही. मला कळत नाही असं वाटतं का तुला? रोज सकाळी पत्रा सरकवताना कळायचं. पण मला दुसरं विचारायला होतंच कोण?" ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. "तुला एक विचारते. तू वय मोजतेस ना? हिचं मोजशील?"

"कशाला?"

"तुझे काका दर वर्षी विहीर साफ करायला एकटे उतरायचे. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. पाय घसरेल, लांब हो, म्हणायचे. एका वर्षी ते वर आले आणि मी पत्रा सरकवून बघितलं, तर सुतळी मला बारीक वाटली. म्हटलं, ही अशी का झाली? म्हणाले, रोडावली असेल. मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. आता ते नाहीत, अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रोज मनात येतं, ही तीच की दुसरी?"

काकांना भाची ओळखत होती. घरातली बंद पडलेली घड्याळं मावशीला न सांगता दुरुस्त करून जागच्या जागी ठेवणारा माणूस.

"आता कळून काय करणार, मावशी?"

"ऐक. ही त्याचीच असली, तर तो कालपर्यंत होता. कुठेतरी जेवला, झोपला, त्याला पोरंबाळं झाली असतील, आईला विसरला असेल, चालेल मला. पन्नाशी गाठलेला माणूस म्हणजे भरलेलं आयुष्य. मी काल गेला म्हणून रडेन आणि ताईकडे जाईन. आणि ही दुसरीच असली, तर पहिली कधी मेली ते तुझ्या काकांनाच ठाऊक. मग मी रडायचं कुठल्या तारखेला, सांग ना?"

"म्हणजे पस्तीस वलयं असली तर त्याची. एखादं जास्तही चालेल."

"आणि कमी असली तर नाही. एवढं मलाही समजतं."

खडे काढायचं काम भाचीने स्वतः केलं. एरवी डावा-उजवा दोन्ही मिळून मिनिटभराचं काम. त्या दिवशी तिने अर्धा तास घेतला. एक खडा तिने राळेत बसवला, घासत गेली, मधूनमधून बघत गेली, आणि गाभा उघडा पडल्यावर काचेच्या पट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

विहिरीतल्या वामेचा खडा वाचायला कठीण. खोल पाणी वर्षभर एकाच तापमानाचं, त्यामुळे जाड-बारीक पुटांतला फरक पुसट. शिवाय मधूनमधून खोटी वलयं. उपासमार झाली, पाणी ढवळलं गेलं, की मासा वाढायचा थांबतो आणि वर्ष न उलटताच एक रेघ उमटते. खरं वलय खड्याला पूर्ण फेरी घालतं, खोटं अर्ध्यावर विरतं, असं शिकवतात. प्रत्यक्षात पुष्कळ वलयं विरल्यासारखीही दिसतात आणि नाहीतही. तिथे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं.

भाचीने ठरवत ठरवत मोजलं. पस्तीस. श्वास सोडून पुन्हा मोजलं. पस्तीस. खडा फिरवून दुसऱ्या बाजूने मोजलं, तरी पस्तीस. बाहेरच्या कडेला रेघा इतक्या दाट होत्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आकडा हलला नाही.

तिने तिथूनच फोन लावला. "मावशी, पस्तीस."

पलीकडून मावशीचं रडणं ऐकू आलं. भाचीने ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. आतून काहीतरी उपसून काढल्यासारखा तो आवाज होता, आणि तो थांबेपर्यंत भाचीने फोन कानाला धरून ठेवला. शेवटी मावशी नाक ओढून म्हणाली, "काल गेला गं माझा मुलगा. म्हणजे परवा. चांगला मोठा होऊन गेला."

त्या आठवड्यात मावशीने दादाची खाट भंगारवाल्याला दिली, त्याचे शर्ट गल्लीतल्या मुलांना वाटले. विहीर बुजली. ताई गाडी घेऊन आली तेव्हा मावशीने स्वतः दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीच्या हातात दिली. "तुझे चिमटे घेत नव्हते मी कधी, आणि तूही माझे घेत नव्हतीस," असं तिला सांगून ती गाडीत बसली. जाताना मागे वळून बघितलं नाही. ताईने नंतर फोन करून भाचीला सांगितलं, "इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा सकाळी उशिरापर्यंत झोपली. तुझे उपकार आहेत बाई."

केंद्रात घुबडाने विचारलं, "तू मोजलंस तेव्हा तुला माहीत होतं ना, किती यायला हवेत ते?"

"होतं."

"मग ते मोजणं नाही."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. केंद्राचा नियमच तसा. वाचणाऱ्याला मासा किती लांब, कुठला, कुणी धरला, काही सांगायचं नाही. खड्यावर फक्त क्रमांक. माणसाला आकडा आधी ठाऊक असला की डोळा तो शोधून काढतो, आणि शोधलेलं सापडतंच. म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि शेवटी समोरासमोर बसून आकडे मोठ्याने म्हणायचे. हा नियम भाची स्वतः नव्या मुलांना समजावून सांगायची.

"तीन वेळा मोजलं मी," ती म्हणाली.

"तिन्ही वेळा तूच ना?" घुबडाने चष्मा पुसला. "मला काय, तुझी मावशी, तुझी वाम. राहू दे हवं तर."

राहू देता आलं असतं. मावशी झोपत होती, विहिरीवर माती पडली होती, कुणी काही विचारणार नव्हतं. भाचीने चार दिवस ती पट्टी खणात ठेवली. पाचव्या दिवशी एका नदीतल्या साठ वामांचे खडे वाचायला आले. हे खडे वाचणार नसलेल्या एका सहकाऱ्याला तिने सुतळीची पट्टी दिली आणि क्रमांक बदलून त्यांत मिसळायला सांगितलं. तिची खात्री होती. खात्री होती म्हणूनच दिली, असं ती स्वतःला सांगत राहिली. क्रमांक त्याने फक्त तिला सांगितला. एकेचाळीस.

वाचायला घुबड आणि सर. सर केंद्राचे प्रमुख; त्यांना सुतळीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. घुबडाला गोष्ट ठाऊक होती, पण एकसष्ट पट्ट्यांतली कोणती ते ठाऊक नव्हतं. त्या नदीतही म्हाताऱ्या वामा बऱ्याच होत्या. दोघांचं वाचन संपायला आठवडा लागला.

मग एका दुपारी तिघं लांब टेबलाशी बसली. भाचीचं काम क्रमांक पुकारण्याचं. एका वर्षाचा फरक आला तर चालतो. त्याहून जास्त आला तर पट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली जाते. नदीतल्या वामा सरळ होत्या. नऊ, नऊ. चौदा, तेरा. अकरा, अकरा. चाळिसावी बावीस, बावीस. भाचीने पाण्याचा घोट घेतला. तिच्या फोनवर ताईचा निरोप येऊन पडला होता, आई आज स्वतःहून फिरायला बाहेर पडली म्हणून.

"एकेचाळीस," भाची म्हणाली.

सरांनी पान उलटलं. "ही जरा कटकटीची होती. खोटी वलयं फार, सात तरी असतील, पण सगळी अर्ध्यावर विरणारी. खरी अठ्ठावीस."

घुबडाने वहीतून डोळे वर केले नाहीत.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

फरक शून्य.